कुलुपातली वस्ती

मुलीच्या शिक्षणानिमित्त आम्हा उभयतांना इटलीतील व्हेनिस शहर पाहण्याची संधी मिळाली. चिखलात लाकडी खांब ठोकून त्यांवर दगडी वाडे उभारलेले हे शहर. चारशेहून अधिक पूल, गल्ल्यांतून मोटार म्हणून नाही. सेंट मार्कचे सोनेरी चर्च आणि पुढचा मोठा चौक पाहिला. गर्दी एवढी की दादरच्या पुलाची आठवण झाली. खरे सांगायचे तर तेथे आमचे मन रमले नाही.

आम्हाला पाहायचा होता तो 'घेट्टो'. १९८९ साली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा ५ वा खंड निघाला. त्यातील ग्रंथाच्या नावातच त्यांनी अस्पृश्यांना 'भारतातील घेट्टोची लेकरे' म्हटले आहे. हा शब्द जगाला दिला तो याच शहराने.

२९ मार्च १५१६ रोजी येथील राज्यकर्त्यांनी ठराव केला की, शहरातील ज्यूंनी एका लहानशा बेटावरच राहावे. पूर्वी तेथे तांबे ओतण्याचा कारखाना होता, त्यावरून घेट्टो हे नाव पडले असे सांगतात. चारी बाजूंनी कालवे, जाण्यायेण्याच्या वाटेवर दरवाजे. रात्री ते बंद होत, सकाळी घंटा झाली की उघडत. आणि पहारेकऱ्यांचा पगार कोणी द्यायचा? ज्यूंनीच! घरे ख्रिस्ती मालकांची, भाडे एक तृतीयांश जादा. बाहेर पडताना अंगावर पिवळी खूण. रात्री बाहेर जाण्याची मुभा होती ती वैद्यांना. आजारपणात मात्र ज्यूचा हात चालत असे.

माणसे वाढली, जागा वाढेना. म्हणून मजल्यावर मजले चढले. शहरात इतरत्र घरे बेताच्या उंचीची, येथे मात्र सात-आठ मजले, छत बुटके, खिडक्या दाटीने एकावर एक. प्रार्थनास्थळेसुद्धा वरच्या मजल्यावर. दहा बाय दहाच्या खोलीत पोटमाळा काढून संसार केलेल्या आम्हाला हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

१७९७ साली नेपोलियनच्या फौजेने व्हेनिस घेतले, तेव्हा ते दरवाजे उखडून चौकात जाळले गेले. बिजागऱ्यांची भोके दगडी चौकटीत अजून आहेत. यांनी त्यात बोट घालून पाहिले. म्हणाले, "आपल्या गावाला दरवाजा नव्हता. तरी आईला कधी आत जाऊन पाणी भरता आले नाही."

चौकात भिंतीवर स्मारक आहे. १९४३-४४ मध्ये या शहरातून २४६ ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवण्यात आले. परतले ते आठ. दरवाजे जळून तेव्हा दीडशे वर्षे होत आली होती.

झाडाखाली बाक होते, तेथे बसलो. पोरे चेंडू खेळत होती. मध्ये तीन दगडी विहिरी आहेत. पावसाचे पाणी फरशीखालच्या वाळूतून गाळून त्यांत साठवीत. आता झाकणे बंद आहेत. सासूबाई गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून तासन्तास उभ्या राहत. हे त्या आम्हाला सांगत, तेव्हा हसत सांगत.

हे उठले आणि विहिरीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ झाला तरी हलेनात. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, गाडीची वेळ झाली."