तुळसाबाई बरी की भन्नो देवी?

विशाल फुरियानं एकच गोष्ट दोनदा सांगितली. पहिल्यांदा मराठीत, 'लपाछपी' या नावानं. तो सिनेमा 14 जुलै 2017 ला थिएटरात लागला. दुसऱ्यांदा हिंदीत, 'छोरी' या नावानं, आणि तो 26 नोव्हेंबर 2021 ला थेट प्राइम व्हिडिओवर आला. दिवस भरत आलेली बायको, कर्जात रुतलेला नवरा, वसुलीच्या माणसांपासून लपायला ड्रायव्हरनं सुचवलेलं गाव, उसाच्या मधोमध एकटं घर आणि त्या घरात जरा जास्तच काळजी घेणारी एक बाई. दोन्हींत हेच. मराठीतली नेहा हिंदीत साक्षी झाली. पूजा सावंतच्या जागी नुसरत भरुचा आली, उषा नाईक यांच्या तुळसाबाईच्या जागी मीता वशिष्ठ यांची भन्नो देवी. दिग्दर्शक तोच, ऊसही तोच.

ऊस तोच, हे मात्र ढोकीजवळच्या वस्तीवर कुणी कबूल करेना.

ढोकी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेरणा कारखान्याचं गाव. माझ्या मामाचं रान तिथून जवळच. एप्रिल 2025 मध्ये 'छोरी 2' आला तेव्हा मामेभावाला तो बघायचा होता. त्याआधी पहिला भाग बघायला हवा, असं घरातल्या पोरांचं म्हणणं आणि पहिल्याच्याही आधी मूळ मराठी बघायला हवा, हा हट्ट माझा. अशा रीतीनं लागोपाठच्या रात्री आधी 'लपाछपी', मग 'छोरी' असा कार्यक्रम ठरला. उकाड्यामुळं टीव्ही ओसरीत आणला होता. त्यामुळं प्रेक्षक आपोआप वाढले. मामा, मामी, मामेभाऊ, बाळंतपणाला माहेरी आलेली मामेबहीण आणि शेजारच्या वस्तीवरची माणसं. त्यांच्यात एक म्हातारी होती. तिनं उभं आयुष्य मुकादमाच्या ऊसतोड टोळीबरोबर फडात काढलेलं. कोल्हापूर-सांगलीकडचे कारखाने तिला हंगामांच्या हिशेबात आठवत होते.

भयपटांच्या चाहत्यांचं रिमेकविषयीचं भांडण साधारण ठरलेलं असतं. मूळची सर नाही, नट चुकीचे घेतले, शेवट बिघडवला. या ओसरीवरचं भांडण वेगळ्याच जागी सुरू झालं. नेहा उसात शिरली, वाट चुकली, गोल गोल फिरून पुन्हा तिथंच आली. पडद्यावर हा भीतीचा कळस चालला असताना मामा वैतागून म्हणाले, "आरं, एक सरी धरून निघाली तर बांध लागतोयच की. हिकडं तिकडं पळती कशाला?"

मामांचं खरं होतं. लागण सरळ सऱ्यांत असते, आणि सरी कुठंतरी संपतेच. ऊस चक्रव्यूहासारखा वाटतो तो रस्त्यावरून गाडीतून बघणाऱ्याला. रात्री लाईट आल्यावर उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणारा माणूस पायाखालच्या सरीवरून बरोबर घरी येतो. मामेभावानं सिनेमाची बाजू घेतली. वाऱ्यानं पडलेल्या आडसालीत शिरून बघा, म्हणाला, दीड वर्षाचा ऊस आडवा झाला की बापालासुद्धा बांध सापडत नाही. हा मुद्दा मामांनी मान्य केला. पण पडद्यावरचा ऊस उभाच होता, एवढं म्हणून शेवटचा शब्द त्यांनी आपल्याकडं ठेवला.

म्हातारीचा आक्षेप याहून जबर. नायिका पळते आहे, पडते आहे, उठते आहे, आणि तोंड मात्र तसंच्या तसं. "पाल्यानं अंग चिरून निघतंय," ती म्हणाली. "हिच्या गालावर एक ओरखडा न्हाई. कूस तर कुठं दिसतच न्हाई." उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. त्यावरची बारीक कूस घामात चिकटली की रात्रभर झोपू देत नाही. फडात उतरणाऱ्या बाया म्हणूनच साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला सिनेमातल्या भुताळी पोरांपेक्षा नायिकेचे उघडे हात जास्त खटकतात.

आणि कर्ज. दोन्ही सिनेमांत नवरा-बायको वसुलीच्या माणसांना चुकवून उसात लपायला येतात. म्हातारी हसायलाच लागली. तिच्या जगात माणूस आधी मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फेडायला उसात येतो. उचल बुडवून पळालेल्याला शोधायचं झालं तर मुकादम सगळ्यात आधी दुसऱ्या कारखान्याचे फड धुंडाळतो. "हे उचल बुडवून उसातच लपलेत व्हय?" एवढंच ती म्हणाली आणि तंबाखूची चंची सोडली. कथेची इतकी नेमकी चिरफाड मी कुठल्या परीक्षणात वाचलेली नाही.

तरीही 'लपाछपी'नं माणसं घाबरवली. ते काम केलं उषा नाईक यांनी. तुळसाबाईचा आवाज चढत नाही. ती हे खा म्हणते, तिकडं जाऊ नको म्हणते, अंधार पडायच्या आत घरात ये म्हणते. तिच्या तोंडचं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्याही पोटुशी बाईनं सासरी नाहीतर माहेरी ऐकलेलं असतं. त्या ओसरीत तर ते त्याच दिवशी ऐकलेलं होतं. मामेबहिणीनं जेवता जेवता मागं वळून सांगितलं, "आई, तूच की गं तुळसाबाई." सगळे हसले. मामी नाही हसल्या. त्यांनी लेकीला उठवलं. पोटुशीनं असलं बघू नये, आत जाऊन पड, म्हणाल्या. ती गेली, आणि दाराच्या आडून उरलेला सिनेमा ऐकत राहिली.

दुसऱ्या रात्री 'छोरी' लागला तेव्हा ती सगळ्यांच्या पुढं, लोडाला टेकून बसली होती. मामींनी हरकत घेतली नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, "ते तिकडचं हाय."

या एका वाक्यात मूळ सिनेमा आणि रिमेक यांतला फरक जितका सापडतो तितका कलाकारांच्या तुलनेत सापडत नाही, असं मला वाटतं. 'छोरी' मध्य प्रदेशात चित्रित झाला. त्यातली माणसं हरियाणवी वळणाची हिंदी बोलतात, भन्नो देवीचा घागरा-ओढणीचा थाटही उत्तरेकडचा. फुरियांची त्यामागची अटकळ समजण्यासारखी आहे. दोन्ही सिनेमांच्या मुळाशी असलेली मुलींच्या हत्येची गोष्ट देशभरच्या प्रेक्षकाला सांगायची तर त्याच्या मनात आधीपासून ठरलेला प्रदेश निवडायचा. तो प्रदेश म्हणजे हरियाणा. मराठी प्रेक्षकाचीही त्यामुळं सोय होते. तीच हत्या, तोच ऊस, तीच सासू, पण हजार-बाराशे किलोमीटर लांब.

आकडे मात्र इतके सोयीचे नाहीत. 2011 च्या जनगणनेत 0 ते 6 वयोगटात दर 1000 मुलग्यांमागे हरियाणात 834 मुली होत्या. महाराष्ट्रात 894. आणि धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात 807. म्हणजे ज्या राज्याच्या बोलीत भन्नो देवी बोलते, त्याच्यापेक्षा बीडची अवस्था वाईट होती. धाराशिवचा आकडाही राज्याच्या सरासरीच्या खालीच होता. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्रानं 1988 मध्येच केला होता, देशाचा कायदा 1994 चा. तरी 2012 मध्ये परळीतलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण देशभर गाजलं. ढोकीपासून परळी काही लांब नाही.

मी हे आकडे ओसरीत मोठ्यानं वाचून दाखवले. मामा म्हणाले, जुने आहेत. मामी म्हणाल्या, "सरकार कायबी लिहितंय." म्हातारी तेवढी म्हणाली की तिच्या तांड्यात अमक्या साली अमकीला परळीला नेलं होतं. मग तिनं विषय बदलला. कुणी खोदून विचारलं नाही, मीही नाही. बीड जिल्ह्यातल्याच ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला आणि राज्यानं नेमलेल्या समितीच्या पाहणीत अशा 13,000 हून अधिक बाया निघाल्या. उसाच्या फडातला भयपट काढायचा तर माल कमी नाही.

दिग्दर्शकानं आपलाच सिनेमा परक्या भाषेत पुन्हा काढणं नवं नाही. जपानच्या ताकाशी शिमिझूनं 2002 चा 'जू-ऑन: द ग्रज' 2004 मध्ये हॉलिवूडसाठी पुन्हा केला. सारा मिशेल गेलर ही अमेरिकन नटी घेतली, पण झपाटलेलं घर टोकियोतच ठेवलं. अमेरिकन माणसं भुताकडं गेली, भूत अमेरिकेला आलं नाही. मिखाएल हानेकेनं 1997 चा 'फनी गेम्स' 2007 मध्ये अमेरिकेत नेला तो जवळजवळ दृश्यागणिक तसाच. जॉर्ज स्लुइझरनं मात्र 'द व्हॅनिशिंग'च्या अमेरिकी आवृत्तीत अंगावर काटा आणणारा शेवट गोड करून टाकला आणि मूळच्या चाहत्यांनी त्याला अजून माफ केलेलं नाही. फुरियांनी शेवट गोड केला नाही, हे त्यांचं श्रेय. त्यांनी फक्त घर हलवलं. शिमिझूचं गणित त्यांनी लावायला हवं होतं असं मला राहून राहून वाटतं. हिंदी बोलणारी साक्षी मराठवाड्याच्या उसात आली असती, तिला तुळसाबाईचं निम्मं बोलणं कळलं नसतं, तर भीती वाढली असती की कमी झाली असती?

मामेभावाला हे सगळं म्हणजे मराठी माणसाचं रडगाणं वाटलं. त्याला 'छोरी' जास्त आवडला. आवाज बघा, म्हणाला, अंगाईचा तुकडा उसातून कसा येतो. कॅमेरा बघा, घराचा वरून घेतलेला तो शॉट. मीता वशिष्ठ हातात भाकरी घेऊनसुद्धा भीती घालतात. आणि मुख्य म्हणजे तो सिनेमा लोकांपर्यंत पोचला. 'लपाछपी' थिएटरात आला तेव्हा इथल्या किती जणांनी पाहिला होता? ओसरीत एकानंही नाही. मूळची थोरवी रिमेक आल्यावरच गावाला कळली, हा त्याचा टोला बरोबर बसला. मामेबहीणही त्याच्याच बाजूची. तिला नुसरत पटली, कारण साक्षी प्रश्न विचारते. पूजा सावंतची नेहा सहन फार करते, असं तिचं मत. यावर मामी म्हणाल्या की म्हणूनच ती खरी वाटते. माय-लेकींची यावर बराच वेळ जुंपली होती आणि सिनेमाचे दोन प्रसंग त्या गोंगाटात कुणालाच ऐकू आले नाहीत.

शिवाय उसनवारीचा विषय निघालाच तर मराठी चाहत्यानं जरा जपून बोललेलं बरं. आपला सगळ्यात लाडका भुताळी खलनायक तात्या विंचू. महेश कोठारे यांच्या 1993 च्या 'झपाटलेला'तला. दिलीप प्रभावळकरांचा तो गुंड, लक्ष्मीकांत बेर्डेंचा लक्ष्या आणि रामदास पाध्येंचा तो बाहुला. त्याचा मूळपुरुष 1988 च्या अमेरिकी 'चाइल्ड्स प्ले'तला चकी, हे ठाऊक असूनही कुणाचं काही बिघडत नाही. तात्यानं मंत्र म्हटला, मिशीतून शिव्या घातल्या आणि तो आपला झाला. 2013 मध्ये 'झपाटलेला 2' थ्रीडीत आला तेव्हा लोक चष्मे लावून बघायला गेले ते चकीला नव्हे. ओसरीतल्या सगळ्यात धाकट्या पोराला मी विचारलं, तुळसाबाई, भन्नो देवी आणि तात्या विंचू यांत सगळ्यात भीती कुणाची? तो म्हणाला, वाघाची.

त्याचंही चुकीचं नव्हतं. डिसेंबर 2024 मध्ये विदर्भातल्या टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात येऊन राहिला होता. येडशी ढोकीच्या शेजारी. त्या हिवाळ्यात दारं धरायला जाणारे लोक दोघं-तिघं मिळून, बॅटऱ्या पाजळत, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून जात. उसात खसखस झाली की तुळसाबाई कुणाला आठवत नव्हती.

शेवटी 'छोरी 2' लागला. यात सोहा अली खानची दासी माँ आहे, साक्षीची मुलगी मोठी झालेली आहे, आणि गोष्ट उसातून निघून जमिनीखालच्या भुयारात उतरते. भुयारात उतरल्या उतरल्या ओसरीतले अर्धे प्रेक्षक पांगले. मामा तर पहिल्या अर्ध्या तासातच घोरायला लागले. म्हातारी उठून गेली ती परत आलीच नाही. उसाबद्दल बोलायला प्रत्येकाकडं काहीतरी होतं. भुयाराबद्दल कुणाकडंच काही नव्हतं. मामेभावानं एकट्यानं पूर्ण पाहिला आणि बरा आहे म्हणाला, पण भांडायला समोर कुणी नसल्यानं त्यालाही मजा आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं जाहीर केलं की आपणच मोबाइलवर 'लपाछपी'चा ढोकी रिमेक करायचा. नायिकेला पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा, गालावर ओरखडे काढायचे, आणि ती सरी धरून पाच मिनिटांत बांधावर येईल, तिथून पुढं गोष्ट सुरू करायची. म्हातारीनं मुकादम करायचं कबूल केलं, पण उचल आधी मागितली. तुळसाबाईसाठी सगळ्यांनी मामींकडं बघितलं तर त्यांनी साफ नकार दिला आणि मामेबहिणीला दूध प्यायला हाक मारली. मामांची परवानगी मिळाली. अट एकच, चित्रीकरण खोडव्यात करा, नव्या लागणीत पाय ठेवायचा नाही, कालच पाणी दिलंय.