वीस सेकंदांचा जाळ

नवी मुंबईत रुळांच्या देखभालीत माझी बरीच वर्षं गेली. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ हा माझा पट्टा. दिवसा इथल्या रुळांना हात लावायची सोय नाही. शेवटची लोकल गेली, ब्लॉक मिळाला, म्हणजे गाड्या बंद झाल्या, की आमचं काम सुरू. तडा गेलेला रूळ कापायचा, नवा तुकडा बसवायचा आणि दोन्ही टोकांना एटी, म्हणजे ॲल्युमिनो-थर्मिक वेल्डिंग करायचं.

शाळेच्या पुस्तकात हे एका समीकरणात उरकतं. लोह ऑक्साइड अधिक ॲल्युमिनिअम, बाण, लोखंड अधिक ॲल्युमिनिअम ऑक्साइड. ॲल्युमिनिअमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. तो हिसकावून घेताना एवढी उष्णता सुटते की तापमान २,४०० अंशांच्या वर जातं. लोखंड १,५३८ अंशांना वितळतं, म्हणजे ते पाण्यासारखं वाहणारच. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिटनं १८९५ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याला खरं तर कार्बन न मिसळलेले क्रोमियम, मँगनीजसारखे धातू हवे होते. रूळ जोडणं नंतर आलं. १८९९ मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ या पद्धतीनं जोडले गेले.

एवढी आग पोटात घेऊन पोर्शनचं, म्हणजे या मिश्रणाचं, पाकीट निवांत पडलेलं असतं. काडी लावली तरी पेटत नाही. ॲल्युमिनिअमच्या प्रत्येक कणावर त्याच्याच ऑक्साइडचं अतिपातळ कवच असतं आणि ते २,०७२ अंशांपर्यंत वितळत नाही. शिवाय आमच्या पोर्शनमधले दाणे मुद्दाम जाडसर ठेवलेले असतात. हेच ॲल्युमिनिअम मैद्यासारखं बारीक करून हवेत उडू द्या, मग ठिणगीसुद्धा स्फोटाला पुरते. पॉलिशिंगच्या कारखान्यांत ही धास्ती कायम असते. आमच्या दाण्यांना मात्र क्रूसिबलमध्ये, म्हणजे मिश्रण पेटवायच्या मुशीत, खास फुलबाजी खोचावी लागते. नव्या पोरांना तेवढंच आवडतं.

त्याआधीचं काम कुणी बघायला थांबत नाही. दोन टोकांमध्ये २५ मिलिमीटरची फट. वाळूचे साचे लावायचे, कडा चिकणवाळूनं लिंपायच्या आणि बर्नर आत सोडून रुळाची टोकं सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवायची. अंधारात साच्याच्या भोकातून पाहिलं की टोकं मंद लाल दिसू लागतात. इथे घाई केली तर ओतलेलं लोखंड रुळाला नुसतं टेकतं, एकजीव होत नाही. वरून जोड सुंदर दिसतो, आणि थंडीत पहाटे रूळ आक्रसला की नेमका तिथेच तुटतो.

आणि ओल. कोकणपट्टीतला पावसाळा, त्यात खाडीची दमट हवा. ही आग बाहेरच्या हवेवर जगत नाही, ऑक्सिजन तिच्याच पोटात असतो. त्यामुळे पाणी मारून ती विझत नाही. उलट थेंबभर पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि वितळलेलं लोखंड अंगावर उडतं. स्लॅग, म्हणजे लोखंडावरची मळी, पडते त्या भांड्यातली वाळूदेखील कोरडी लागते. म्हणून आमच्याकडे बादली नाही, कोरड्या वाळूचा ढीग.

जुलैतल्या एका रात्री ताडपत्री धरून तयारी चालली होती. मुकादमानं पाकीट उचललं आणि थांबला.

“साहेब, खालून फुटलंय.”

“आत ओल गेलीय का, तात्या?”

“हाताला तर सुकंच लागतंय. पण माझ्या हाताचं काय खरं?”

कंट्रोलचा फोन सारखा वाजत होता. दुसरं पाकीट त्या जागी नव्हतं. वेल्डर म्हणाला, शेकून घेऊ. मी नाही म्हटलं. रुळांची टोकं धरून ठेवणाऱ्या फिशप्लेटा क्लँपनं आवळल्या, तिथे गाड्यांना वेगमर्यादा लावली आणि पहाटेच्या लोकल रखडल्या. सकाळी वरून जे ऐकायचं ते ऐकलं. एका पाकिटासाठी एवढं, असं विचारणाऱ्यांनी ओल्या क्रूसिबलजवळ एकदा उभं राहावं, असं माझं आजही मत आहे.

पुढच्या ब्लॉकला सीलबंद पाकीट आलं. फुलबाजी आत गेली, झाकण बसलं, साधारण वीस सेकंद नुसती खदखद. मग क्रूसिबलच्या बुडाचं बूच आपोआप वितळलं आणि पांढरीशुभ्र धार साच्यात उतरली. लोखंड जड, ते तळाशी; हलकी स्लॅग वरून ओसंडून बाहेर. निळ्या चष्म्याशिवाय तिकडे पाहू नये. काही मिनिटांनी साचा फोडला, जोड लाल असतानाच ट्रिमरनं माथा छाटला, मग ग्राइंडर. मीटरभराची सरळपट्टी ठेवून तात्यांनी माथा तपासला, पुन्हा थोडा घासायला लावला. ओतल्यापासून अर्धा तास गाडी सोडायची नाही; तेवढ्यात चहा झाला.

नंतर अल्ट्रासॉनिक तपासणीवाले आले. खोट सापडली नाही. प्रत्येक जोडाजवळ महिना, वर्ष आणि वेल्डरचा कोड असतो. खोट निघाली असती तर कुणाला गाठायचं हे त्यांना विचारावं लागलं नसतं.