शिंगाची फणी, मिन्याचे पंख

नऊ साप! तोंडं वासलेले, एकमेकांत वळसे घेत गुंतलेले, सोन्याचे आणि मिन्याचे नऊ साप, आणि हा दागिना बाईने चक्क छातीवर लावायचा! लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात मी गेले होते रेम्ब्रांट बघायला. रेम्ब्रांट बघितला, छान होता, आणि पुढच्या एका दालनाने तो पार पुसून टाकला. रेने लालिक हे नाव मला अत्तराच्या बाटल्यांपुरतं ठाऊक होतं. हा माणूस दागिने करायचा हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

सापांपासून दोन पावलं पुढे गेलं की ती दिसते. चतुर-स्त्री. चतुर म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी गवतावर भिरभिरतो तो कीटक. इथे त्याच्या जबड्यातून एक बाई कमरेपर्यंत बाहेर आलीय, की तो तिला गिळतोय? कितीही वेळ बघा, ठरत नाही. तिचा देह क्रिसोप्रेझ नावाच्या हिरवट खड्यात कोरलेला. हात नाहीत, हातांच्या जागी पंख. खाली गिधाडाला शोभतील असे सोन्याचे पंजे, मागे निमुळती लांब शेपटी. पंखांची रुंदी साडेसव्वीस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढं पदक वगैरे नव्हे, अख्खी छाती व्यापणारा ऐवज. शिवाय पंख सांध्यांवर हलतात! घालणारीने श्वास घेतला की तेही हलत असणार. हे 1897-98चं काम आहे.

आणि ते पंख आरपार दिसतात. आपल्याकडच्या मीनाकारीत धातूवर खळगे कोरतात, त्यात मीना भरतात आणि भाजतात. रंगाच्या पाठीशी धातू असतोच. लालिकच्या पंखांना पाठच नाही. सोन्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी करायची, प्रत्येक घरात दळलेल्या रंगीत काचेचा ओला लगदा भरायचा, मागे तात्पुरता आधार द्यायचा आणि 800 अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत घालायचं. काच वितळून बसली की आधार काढून टाकायचा. भाजताना लगदा आकसतो, म्हणून पुन्हा भरायचा, पुन्हा भाजायचा, आणि दरवेळी तडा जायची भीती. एक घर फुटलं की पंख गेला. फ्रेंच लोक याला ‘प्लीक-आ-झूर’ म्हणतात. मी काचपेटीच्या डाव्या बाजूने बघितलं, उजव्या बाजूने बघितलं, गुडघ्यांवर बसून खालून बघितलं. दिव्याचा उजेड पंखातून येताना निळ्याचा हिरवा होत होता. पहारेकरी माझ्याकडे बघायला लागला.

तेवढ्यात शेजारी फण्या दिसल्या. शिंगाच्या! लालिकने हे शिंग तापवून मऊ केलं, कोरलं, रंगवलं, आणि हस्तिदंताच्या, सोन्याच्या बरोबरीला आणून बसवलं. एका मुकुटावर कॅटलिया ऑर्किडचं फूल आहे, हस्तिदंताचं, शिंगाचं, आणि त्याच्या पाकळीची कड खऱ्या पाकळीसारखी चुरगळलेली. दुसऱ्या मुकुटावर कोंबडा आहे आणि त्याच्या चोचीत जांभळा ॲमेथिस्ट. ज्या बाजारात हिऱ्यांवरून घराण्याची पत ठरायची, तिथे हा गृहस्थ शिंग विकत होता आणि लोक रांगेने घेत होते. मी मराठी घरातली. दागिना हातात आला की आधी ‘किती तोळ्यांचा’ विचारायचं आणि घडणावळीवर सराफाशी वाद घालायचा, हे मला शिकवावं लागलं नाही. इथे सगळी घडणावळच. तोळ्याने मोजायला गेलं तर हाती काहीच लागत नाही.

लालिक 1860चा, शँपेन प्रांतातल्या आई गावचा. सोळाव्या वर्षी पॅरिसच्या लुई ओकोकच्या पेढीत उमेदवारीला लागला, मग काही काळ इंग्लंडमध्ये शिकला. परत येऊन कार्तिए, बुशरों अशा पेढ्यांना नमुने करून द्यायचा. दागिन्यावर नाव त्यांचं. स्वतःची कार्यशाळा थाटली ती पंचविशीच्या सुमारास. 1900च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या मांडणीपुढे गर्दी हटेना. मांडणीच्या मागे पंखवाल्या स्त्रियांचा ब्राँझचा कठडा होता, म्हणजे दुकानसुद्धा दागिनाच! मग नकलाकारांचा पूर आला, आणि याने सरळ वाट बदलली. कोतीच्या अत्तरांसाठी बाटल्या केल्या आणि उरलेलं आयुष्य काचेला दिलं. मला याचा रागच येतो. काच सुंदर आहे, पण अजून चार चतुर केले असते तर?

कालूस्त गुल्बेंकियन हा तेलाच्या धंद्यात गब्बर झालेला आर्मेनियन. लालिकशी त्याची मैत्री होती. 1899पासून जवळजवळ तीन दशकं तो थेट त्याच्याकडूनच घेत राहिला, आणि घेतलं ते अंगावर घालायला नव्हे, जपायला. म्हणून आज हे सगळं एका छपराखाली आहे. पॅरिसमधले कितीतरी दागिने खडे काढून, सोनं वितळवून नव्या फॅशनचे झाले. फ्रान्सने तर 1887मध्ये राजघराण्याचे बरेचसे जडजवाहीर लिलावात फुंकून टाकले.

हिऱ्यांवर मी अन्याय करत नाहीये. त्याच काळात कार्तिए प्लॅटिनम वापरायला लागला होता. ते इतकं चिवट की केसासारख्या तारेत हिरा धरता येतो, कोंदण जवळजवळ नाहीसंच होतं. आपले होळकरही याच पॅरिसच्या प्रेमात. तुकोजीराव तिसरे यांनी 1913मध्ये शोमेच्या पेढीतून पेरच्या आकाराचे दोन हिरे घेतले, प्रत्येकी सुमारे 47 कॅरटचे. पुढे मोबुसाँच्या पेढीने ते नव्या हारात बसवले. तुकोजीरावांचे चिरंजीव यशवंतराव यांचं मराठा पोशाखातलं चित्र बर्नार बुते द माँवेलने काढलं, त्यात हे हिरे त्यांच्या गळ्यात आहेत. चित्र जरूर शोधा. हिऱ्यांपेक्षा हाराचा ताठ, भूमितीत बसवलेला डौल बघा.

लिस्बन लांब वाटत असेल तर पॅरिसला रिव्होली रस्त्यावरच्या सजावटकला संग्रहालयात दागिन्यांचं वेगळं दालन आहे, तिथेही लालिक भेटतो. ओर्से संग्रहालयातही आहे. आणि आल्सासमधल्या विंगेन गावात, जिथे त्याने 1921मध्ये काचेचा कारखाना काढला आणि तो अजून चालू आहे, तिथे 2011पासून त्याच्या नावाचं अख्खं संग्रहालय! मी नकाशा उघडून बसलेय. घरच्यांनी आल्प्सचा बेत केलाय खरा, पण आल्प्स कुठे पळून जातोय?