तेल एका पातळीवर

न्यू जर्सीतल्या एका गॅरेजात नातू रविवारी आजोबांच्या जुन्या मोटरसायकलपाशी बसला. शनिवारी हत्याराला हात लावायचा नाही, हा घरचा नियम. इंजिनाला २ सिलिंडर, २ कार्ब्युरेटर. दोन्हींतून सारखी हवा जात नव्हती, म्हणून गाडी थरथरे. त्याने पारदर्शक नळी वाकवून फळीवर बसवली, तिच्यात थोडे तेल ओतले आणि टोके दोन्ही इनटेकना जोडली. धुराचा विषारी वायू साचू नये म्हणून दार सताड उघडे ठेवले.

इंजिन सुरू होताच तेल एका बाजूला सरसर चढले.

“बंद कर! इंजिनात जाईल!” आजोबा ओरडले.

नातवाचा चेहरा पडला. “मला नाही जमणार.”

“अरे, पहिल्यांदा असंच होतं. लांब नळी घे. तेल चढतं तिकडे ओढ जास्त. स्क्रू अगदी थोडा फिरव.”

दुपारपर्यंत तेल दोन्हीकडे एका पातळीवर आले. थरथर गेली.

आजोबा म्हणाले, “कोकणात आपल्या लोकांना शनिवार तेली म्हणत. घाण्यावर तेल काढायचं, शनिवारी घाणा बंद.”

नातवाने तेलकट हात पाहिले. “म्हणजे मी रविवार तेली!”