श्रवणखोलीतील सामान आणि स्वरांची स्पष्टता

घरी संगीत ऐकताना ध्वनिवर्धकातून थेट येणाऱ्या आवाजात भिंती, छत, फरशी आणि खोलीतील सामान यांवरून परतलेला आवाज क्षणार्धाच्या अंतराने मिसळतो, आणि म्हणूनच गाणे कसे ऐकू येईल हे खोलीत काय मांडले आहे यावर बऱ्याच अंशी ठरते. नाशिकमधील एका सदनिकेत ध्वनिमुद्रिका ऐकण्यासाठी राखलेली खोली लावताना प्रस्तुत लेखकाला याचा जो प्रत्यय आला, तो येथे नोंदवला आहे.

सुमारे ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि तितकीच उंच अशी ही खोली रिकामी असताना टाळी वाजवली, की समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज पुनःपुन्हा आपटून पत्र्यासारखी थरथर उमटे. आणि नाशिकमध्येच १९२१ साली जन्मलेल्या द. वि. पलुसकरांचे गायन लावल्यावर द्रुत तानेतील प्रत्येक स्वराचा माग पुढच्या स्वरावर रेंगाळत राही. या रेंगाळण्यास निनाद म्हणतात, आणि आवाजाची पातळी ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल होय. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहात नाट्यगृहाच्या आसनांवरील गाद्या आणून मांडल्या आणि गाद्या वाढतील तसा निनादकाल कसा घटतो हे मोजून त्याचे सूत्र सिद्ध केले. त्या सूत्राने पाहता, उघड्या पृष्ठभागांनी पडणाऱ्या ध्वनीपैकी सुमारे ३ टक्केच शोषला, तर अशा खोलीचा निनादकाल ३ सेकंदांच्या जवळ जातो.

खोलीत सतरंजीवर जाड सुती गादी, लोड आणि तक्के मांडले, खिडकीला चुणीदार जाड पडदा लावला, तेव्हा ती थरथर थांबली आणि भजनातील शब्द स्वच्छ उमटू लागले. ध्वनिवर्धक आणि बैठक यांच्यामधला काचेचा टीपॉय हलवल्यावर आवाजातील कर्कशपणा उतरला, कारण गुळगुळीत काच उंच स्वर जसेच्या तसे परतवते. उलट पाठीमागच्या भिंतीशी ठेवलेल्या पुस्तकांच्या मांडणीने, लहानमोठ्या पुस्तकांच्या खाचाखोचांमुळे, परतणारा ध्वनी विखुरला आणि खोली निर्जीव न होता स्वर मोकळा राहिला.

डग्ग्याच्या घुमाऱ्याचे मात्र गादीने निवारण झाले नाही. रुंदी आणि उंची सारखीच ३ मीटर असल्याने दोन्ही दिशांना ५७ हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी एकदमच बळावतो, आणि त्याची तरंगलांबी ६ मीटर असल्यामुळे काही सेंटिमीटर जाडीचे कापड त्याला अडवू शकत नाही. त्यासाठी ध्वनिवर्धक कोपऱ्यातून पुढे ओढावे लागले, बैठक भिंतीपासून सुटी करावी लागली आणि खर्जाबरोबर झणझणणारे लोखंडी कपाट दुसऱ्या खोलीत न्यावे लागले. जुन्या नाशकातील वाड्यांच्या दिवाणखान्यात गाद्या-तक्क्यांच्या बैठकीबरोबर लाकडी तक्तपोशीही असे, आणि पातळ फळ्या स्वतः कंप पावून खर्जाचा काही भाग जिरवतात. काँक्रीटच्या छतास हे साधत नाही.

यावरून असे म्हणता येते, की महागडी यंत्रसामग्री घेण्यापूर्वी रसिकाने आपल्या खोलीत एकदा टाळी वाजवून पाहावी, आणि आधी घरातल्याच गाद्या, पडदे व पुस्तके योग्य जागी मांडून पाहावीत.