शेगडा

पन्नाशी उलटल्यावर मला सुतारकामाचा नाद लागला. मांडी घालून बसणे गुडघ्यांना मानवेना. म्हणून कमरेइतके उंच मेज करवून घेतले व त्याच्या एका पायाला जुन्या विलायती धर्तीचा लाकडी शेगडा बसविला. वर मळसूत्र, खाली भोकांची पट्टी. फळीच्या जाडीप्रमाणे भोकात खुंटी घातली की जबड्याचे खालचे टोक तेथे अडते आणि वरचे फळीला घट्ट धरते. जोसेफ मॉक्सनने १६७८ पासून लंडनात खंडशः प्रसिद्ध केलेल्या 'मेकॅनिक एक्झरसायझेस' या ग्रंथात तर दोन मळसूत्रांचा शेगडा आहे. फळी अशी जखडली, की दोन्ही हात रंध्याला मोकळे!

परवा रंधा मारताना, लहानपणी आमच्या ओटीवर काम करणारे म्हातारे सुतार आठवले. ते जमिनीवर बसून तळपायांत लाकूड दाबून धरीत. पाय हाच त्यांचा शेगडा! ते कसब पाहून आम्ही मुले टाळ्या पिटीत असू. संध्याकाळी मात्र ते खांबाचा आधार घेऊनच उठत. "बाबा, गुडघे दुखतात का?" असे घरातल्या कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. मीही विचारले नाही. तो प्रश्न सुचण्यासाठी माझेच गुडघे दुखावे लागले.