बरं... चला मग!

थांबा, फोन ठेवू नका! म्हणजे ठेवा, पण ठेवताना जरा कान देऊन ऐका! आपण फोन ठेवतो कसा, हे कधी पाहिलंय तुम्ही? मी आजवर पाहिलंच नव्हतं, आणि आता दुसरं काही सुचत नाहीये!

आपण फोन एकदम ठेवतच नाही हो! आधी एकजण म्हणतं, "बरं..." बस, एवढंच! त्यात बातमी नाही, प्रश्न नाही, काहीच नाही. पलीकडून येतं, "हं..." मग "चल मग", मग "हो, चल", आणि मग "ठेवू?", "ठेव ठेव", आणि मग नेमकं तेव्हाच "अगं, सांगायचंच राहिलं!" आणि मग पुतण्याचं लग्न, मावशीचा गुडघा, नव्या शेजाऱ्यांचा कुत्रा, आणि मग परत पहिल्यापासून "बरं..."! एकही पायरी गाळत नाही आपण! आणि कुणी गाळलीच तर? "फोन आपटला" म्हणतो आपण! मोबाइल काय आपटणार कुणी, पण म्हणतो!

मी भाषाशास्त्र शिकलेली नाही, हे आधीच सांगते. पण जे शिकलेत त्यांनी हे कधीच हेरून ठेवलंय! अमेरिकेतले इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स, यांनी १९७३ मध्ये संभाषण संपतं कसं, एवढ्याच गोष्टीवर अख्खा निबंध लिहिला! एवढ्याच गोष्टीवर! त्यांचं म्हणणं असं, की ते रिकामं वाटणारं "बरं" म्हणजे माझं संपलं, तुझं काही राहिलंय का, अशी विचारणा असते. म्हणजे बघा! "सांगायचंच राहिलं" तिथे येतं ते विसरभोळेपणामुळे नाही! ती त्यासाठी ठेवलेली राखीव जागा आहे! आणि ती आपल्याला शिकवली कुणी? कुणीच नाही!

हे सॅक्स तर मला फारच आवडलेत. १९६३-६४ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात आलेल्या फोनची ध्वनिमुद्रणं ते ऐकत बसायचे. तिथला माणूस आधी स्वतःचं नाव सांगे, म्हणजे पलीकडच्यानेही सांगावं. आणि एकदा पलीकडचा काय म्हणाला? "ऐकू येत नाहीये"! मग नाव पुन्हा सांगितलं गेलं, आणि त्यात पलीकडच्याची नाव सांगायची पाळी अलगद टळून गेली! इतकं बारीक! इतक्या दुःखात असलेला माणूस, आणि तरीही संभाषणाची घडी त्याच्या हातात इतकी पक्की! हे वाचून मी उठून घरभर फेऱ्याच मारल्या.

आणि अजून ऐका, हे तर भन्नाटच आहे! २००९ मध्ये काही संशोधकांनी जगभरातल्या १० भाषांतली बोलणी मोजली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाचा पाचवा भाग, त्याच्या आसपास! आणि समोर चित्र दाखवून नुसतं त्याचं नाव विचारलं, तरी तोंडातून शब्द निघायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो! म्हणजे काय? म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं, आणि त्याचं वाक्य कुठे संपणार हेही आपण आधीच ताडलेलं असतं! रोज! भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा!

आता मला पाहुणे निघतानाचं ऐकायचंय. तुम्हीही माझ्याबरोबर ऐका ना! सोफ्यावरून उठताना "चला, निघायला हवं", आणि मग दहा मिनिटं उभ्यानं, आणि मग चपला घालून, आणि मग पाण्याच्या बाटलीची आठवण, आणि मग लिफ्ट येते, आणि मग कुणीतरी लिफ्टचं दार धरून ठेवतं आणि खरी बातमी तेव्हा बाहेर पडते! आमच्याकडे दार काका धरतात. तुमच्याकडे कोण?